गाडी थांबते, ऊन थांबत नाही

आखाजी जवळ आली की खान्देशचे रस्ते गजबजू लागतात. नोकरी-धंद्यासाठी पुणे, नाशिक, मुंबई, सुरतेला गेलेली कुटुंबे जळगाव-धुळ्याची वाट धरतात. लेकीबाळी माहेरी येतात, शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, लग्नाच्या तिथी एकीपाठोपाठ एक असतात. पूर्वी हा प्रवास एसटीने किंवा रेल्वेने व्हायचा. आता अनेक घरांत तो स्वतःच्या मोटारीने होतो. मागच्या सीटवर मुले, डिकीत बॅगा, पायाशी खाऊच्या पिशव्या आणि अलीकडे आणखी एक प्रवासी: घरातला कुत्रा, क्वचित मांजरही.

निघण्याआधी टायरची हवा पाहिली जाते, फास्टॅगमधले पैसे पाहिले जातात, मोबाइलवर रस्ता लावला जातो. वाटेत थांबायचे कुठे, त्या थांब्यावर काय खायचे आणि सगळे जेवायला उतरले तर मुक्या प्राण्याजवळ कोण राहायचे, हे मात्र बहुतेक घरांत ठरलेले नसते. ते त्या त्या वेळी, भूक लागल्यावर, भर उन्हात ठरते. आणि घाईत ठरलेली गोष्ट बहुधा अशी असते: “काच थोडी खाली ठेव, दहा मिनिटांत येऊच.”

खान्देशच्या उन्हाळ्यात ही दहा मिनिटे महाग पडू शकतात. डब्यातली भाजी आणि मागच्या सीटवरचा कुत्रा यांचा वरवर काही संबंध नाही. पण दोघांचाही घात एकाच जागी होतो, उन्हात बंद करून उभ्या केलेल्या गाडीत. म्हणून लांबच्या प्रवासाची तयारी गाडी धावेल तेव्हाची करावी, तितकीच ती थांबेल तेव्हाचीही करावी.

काच खाली ठेवून भागत नाही

उभ्या गाडीच्या काचेतून ऊन आत येते. डॅशबोर्ड, सीट, स्टिअरिंग तापतात आणि आतली कोंडलेली हवा तापवतात. ती हवा बाहेर पडायला वाट नसते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी कॅलिफोर्नियात उन्हात गाडी उभी करून हे मोजले. त्यांचा अभ्यास २००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान असलेल्या १६ दिवसांत गाडीच्या आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवल्याने म्हणावा असा फरक पडला नाही.

त्या अभ्यासातला सर्वांत तापलेला दिवस ३६ अंशांचा होता. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ३६ अंशांचा दिवस तिथे सुखाचा म्हणावा लागेल. म्हणजे गाडीतली हवा मुळातच जिथून तापायला सुरुवात करते, ती पातळी इथे सुमारे नऊ अंशांनी वर असते. एसी बंद केल्यावरचा गारवा काही मिनिटांत विरतो. झाडाची सावली पाहून गाडी लावली तरी जेवण होईपर्यंत सावली सरकलेली असते. इंजिन व एसी चालू ठेवून प्राण्याला आत कोंडणे हाही सुरक्षित उपाय नाही. इंजिन बंद पडले, प्राण्याच्या पंजाने एखादे बटण दाबले गेले, तर बाहेर बसलेल्यांना कळतही नाही.

हे सारे लहान मुलांना प्राण्यांइतकेच लागू आहे. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तुलनेत अधिक वेगाने तापते आणि त्याला दार उघडता येत नाही. झोपलेल्या बाळाची झोप मोडू नये म्हणून त्याला गाडीत ठेवून कोणी चहाला उतरत असेल, तर ती माया घातक आहे.

कुत्र्याला घाम येत नाही

माणसाचे शरीर घामावाटे उष्णता बाहेर टाकते. कुत्र्याच्या अंगावर तशा घामाच्या ग्रंथी नसतात. असतात त्या पंज्यांच्या तळव्यांना आणि त्यांचा उपयोग अगदी थोडा. त्याचा सगळा भरवसा जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर असतो. जिभेवरची आणि श्वासमार्गातली ओल हवेत उडते व रक्त थोडे थंड होते. बंद गाडीतली हवा त्याच्याच श्वासाने दमट होते. मग ओल उडेनाशी होते आणि धाप लागूनही शरीर थंड होत नाही. उलट धापा टाकण्याच्या कष्टाने उष्णता वाढते.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या घरात असते. ते ४१ अंशांपुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांवर परिणाम सुरू होतो. सतत जोरजोरात धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, चालताना झोक जाणे आणि शेवटी कोसळणे असा हा क्रम असतो. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असल्याने त्यांच्यावर ही वेळ लवकर येते. म्हातारे, लठ्ठ आणि हृदयाचा आजार असलेले प्राणीही याच गटात मोडतात. मांजर सहसा तोंड उघडून श्वास घेत नाही. प्रवासात ते तसे करू लागले तर धोका समजावा.

अशा वेळी पहिले काम थंड करण्याचे आणि दुसरे दवाखान्याकडे धावण्याचे. प्राण्याला लगेच सावलीत आणावे. पोट, जांघा, पंजे आणि सर्व अंगावर साधे गार पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून तसाच ठेवू नये; थोड्या वेळाने तोच उष्णता धरून ठेवतो. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवावे, तोंडात ओतू नये. मग एसी लावून पशुवैद्यकाकडे न्यावे. तो उठून बसला, शेपूट हलवू लागला तरी तपासणी टाळू नये, कारण मूत्रपिंडांचे आणि रक्तस्रावाचे त्रास पुढच्या एक-दोन दिवसांत दिसू शकतात.

डब्यात काय असावे

आता खाऊकडे वळू. अन्न बिघडवणारे जंतू साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान वाढतात आणि उन्हात उभ्या गाडीतला डबा नेमका याच पट्ट्यात असतो. शिजवलेले ओलसर अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एका तासाच्या आत संपवावे, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे. खान्देशात एप्रिल-मेमध्ये दोन तासांची सवलत विसरून एक तासच धरावा.

पुरी आणि बटाट्याची भाजी हा प्रवासातला जुना जोडीदार. पण सकाळी सहाला भरलेली भाजी दुपारी एकला उघडली, तर तिच्यात स्टॅफिलोकॉकस जंतूंनी विष तयार केलेले असू शकते. ते विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, म्हणजे नेमक्या गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर. मसालेभात, फुणके, पनीर, ओल्या नारळाची चटणी, खव्याची मिठाई यांची गोष्ट फारशी वेगळी नाही. हे पदार्थ न्यायचेच असतील तर पहिल्याच थांब्यावर संपवावेत किंवा बर्फाच्या पेटीत ठेवावेत.

जुन्या बायकांनी शिदोरीला जे निवडले होते ते अनुभवाने पारखलेले होते. दुधात मळून खरपूस भाजलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, फुटाणे, भत्ता, कोरडे लाडू या सगळ्यांत पाणी कमी असते. जंतूंना वाढायला पाणी लागते. ते नसेल तर उष्णता एकटी फारसे काही करू शकत नाही. चटणीत तेल-पाणी घालून ती घरूनच कालवली की हा सारा फायदा गेला. लागेल तेवढी ताटात कालवावी.

फळांत पहिला मान घरच्याच पिकाचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. प्रवासाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे तिचे वेष्टन निसर्गानेच घालून दिलेले आहे. हात धुवायला पाणी नसले तरी साल काढून खाता येते. पोट भरते, पोटॅशियम मिळते, तेल-मीठ काहीच नसते. रस्त्यालगत मिळणारे केळ्याचे वेफर्स चवीला उत्तम, पण ते तळलेले व खारवलेले असतात. केळी खाल्ली आणि केळ्याचे वेफर्स खाल्ले, या दोन गोष्टी शरीराच्या हिशेबात एक नाहीत. दिवसाला एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चिवडा, फरसाण, वेफर्स असे दिवसभर तोंडात राहिले तर रक्तदाबाच्या रुग्णाची ही मर्यादा जेवणाआधीच ओलांडली जाते. वर तहान वाढते ती वेगळी.

कापून ठेवलेली कलिंगडे, गाड्यावरचा उसाचा रस आणि त्यातला बर्फ यांबाबत सावध राहावे. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे बंधनकारक केले आहे. सरबतासाठी फोडला जाणारा बर्फ निळसर दिसला तर ग्लास परत ठेवावा. बर्फ पांढरा असला तरी तो कोणत्या पाण्याचा, हे विचारायला संकोच वाटू नये.

कोणाला काय नको

एकच पुडा सगळ्या गाडीत फिरवणे प्रेमळ असले तरी योग्य नाही. पाच वर्षांखालील मुलांना चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे देऊ नयेत. खड्डा आला, अचानक ब्रेक लागला, मूल हसले किंवा रडले की दाणा श्वासनलिकेत जातो. श्वासनलिकेतून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा आपल्याकडे नेहमी पुढे असतो. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज निघत नसेल तर गाडी बाजूला घेऊन मुलाला पुढे वाकवावे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच जोरदार थापा द्याव्यात. त्याने भागले नाही आणि मूल वर्षाहून मोठे असेल, तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा. दरम्यान कोणी तरी १०८ ला फोन लावावा.

मधुमेहाच्या रुग्णाने गोळी किंवा इन्सुलिन घेऊन “पुढच्या हॉटेलात जेवू” असे म्हणू नये. हॉटेल लांबले की साखर उतरते; गाडी तोच चालवत असेल तर सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. ग्लुकोजची पुडी किंवा साखर खिशात हवी, डिकीतल्या बॅगेत नको. इन्सुलिन तर उभ्या गाडीत कधीच सोडू नये. उष्णतेने त्याचा गुण जातो आणि तसे झाल्याचे बाटलीकडे पाहून नेहमी कळत नाही.

घरातल्या बायका प्रवासात पाणी पिणे टाळतात. स्वच्छ शौचालय मिळेल की नाही, ही त्यामागची खरी भीती. चाळीस-पंचेचाळीस अंशांत सात-आठ तास असे काढले की चक्कर येते, लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. यावर “पाणी पीत जा” हा उपदेश उपयोगाचा नाही. शौचालय असलेले थांबे आधी ठरवून ते गाडीत सर्वांना सांगितले, तर पाणी आपोआप प्यायले जाते. उलट्या-जुलाब झाल्यास ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात मिसळावी. ओआरएससारख्या नावाने विकली जाणारी गोड पेये म्हणजे औषध नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली ती याच कारणाने.

गाडी चालवणाऱ्याचा खाऊ वेगळा धरावा. शेवभाजीचा तर्रीदार रस्सा, चार पोळ्या आणि वर भात असे जेवण दुपारी एकला झाले की दोन ते चारच्या दरम्यान डोळे जड होतात. शरीराच्या घड्याळातच ही मंदीची वेळ असते. जड जेवण तिला जोर देते. चालकाने अर्धपोट खावे, दर दोन तासांनी उतरावे, झोप येत असेल तर चहाच्या भरवशावर न राहता वीस मिनिटे डोळे मिटावेत. प्रवासातल्या उलटीवरच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. त्या चालकाने घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मुलाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नयेत.

कुत्र्याचा वाटा वेगळा

मागच्या सीटवरून कुत्रा तोंडाकडे बघत असतो आणि हात आपसूक पुढे जातो. पण माणसाला चालणारे बरेच काही त्याला विषासमान आहे. कांदा आणि लसूण, कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणून रश्शात बुडवलेली पोळी, ठेच्याची भाकरी, लसणाची चटणी त्यांना नको. पिंपळगाव बसवंत, ओझरच्या वाटेवर घेतलेली द्राक्षे व बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात आणि किती दाण्यांनी, याचा नेम नाही. चॉकलेटमधले थिओब्रोमाइन त्याच्या हृदयाला झेपत नाही. बिनसाखरेच्या च्युइंगममधल्या झायलिटॉलने त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. शिजवलेल्या कोंबडीचे हाड टोकदार फुटते. आंब्याची कोय आणि मक्याचे बुरकुंड आतड्यात अडकते.

त्याच्यासाठी घरचे नेहमीचे खाणे वेगळ्या डब्यात घ्यावे. साध्या भाकरीचा तुकडा, केळ्याच्या दोन-तीन चकत्या चालतील. प्रवासाच्या दिवशी नवा पदार्थ मात्र नको. निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामे असावे, म्हणजे उलटी टळते. पाणी मात्र दर थांब्यावर द्यावे. माणसांची उलटीची किंवा तापाची गोळी त्याला देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. गाडी लागणाऱ्या प्राण्यासाठी वेगळी औषधे असतात, ती पशुवैद्यकाकडून आधीच घ्यावीत.

चालत्या गाडीत कुत्रा मोकळा नसावा. साधे गणित पाहावे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकेत दहाव्या भागाच्या सेकंदात थांबली, तर २० किलोचा कुत्रा सुमारे २८० किलो वजनाच्या जोराने पुढे आदळतो. पुढे चालकाची मान असते. मागच्या सीटला पट्ट्याने जोडलेला छातीचा हार्नेस किंवा घट्ट बसवलेला पिंजरा हा त्यावरचा उपाय. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेला कुत्रा एअरबॅग उघडल्यास चिरडला जाऊ शकतो. खिडकीतून डोके बाहेर काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण धूळ-खडे त्याच्या डोळ्यांत जातात. बंद डिकी ही तर कोणत्याही जिवाची जागा नाही. कन्नडचा घाट, चांदवडजवळचा राहूड घाट, कोंडाईबारी, सेंधव्याकडचा बिजासन घाट अशा वळणांवर मांजर पिंजऱ्यातच असावे. घाबरलेले मांजर चालकाच्या पायाखाली शिरते.

थांबा निवडताना

थांबा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: सावली, शौचालय आणि रस्त्यापासूनचे अंतर. घाटाच्या पायथ्याशी, उताराच्या तोंडाशी रस्त्याला खेटून थांबू नये. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला आणि अनेकांचा जीव गेला. दार उघडण्याआधी कुत्र्याचा पट्टा हातात हवा, कारण सात तास कोंडलेला प्राणी पहिली उडी रस्त्याकडेच घेतो. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला ढाब्याच्या मातीत सोडू नये. पार्व्होसारखे रोग तिथूनच येतात.

थांब्यावर भटकी कुत्री असतातच. उरलेली पोळी टाकली की ती जमतात, घरच्या कुत्र्याशी भांडतात आणि सोडवायला गेलेल्या माणसाला चावा बसतो. चावा घरच्या कुत्र्याचा असो की भटक्याचा, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. “घरी पोहोचल्यावर बघू” हे वाक्य इथे सर्वांत घातक. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर वाचणे जवळजवळ अशक्य असते. वाटेतल्या पहिल्या सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी, ती तिथे मोफत असते. पुढचे डोस आपल्या गावी, ठरलेल्या तारखांना घेता येतात. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ते विचारून घ्यावे. घरच्या प्राण्याच्या रेबीज लसीचा दाखला गाडीतच ठेवावा. वाटेत पशुवैद्यकीय मदत लागल्यास १९६२, महामार्गावर अडचण आल्यास १०३३ आणि माणसासाठी १०८ हे क्रमांक निघण्याआधीच मोबाइलमध्ये साठवावेत.

जबाबदारी फक्त कुटुंबाची नाही

इतके सारे सांगूनही एक प्रश्न उरतो. कुत्रा गाडीत कोंडला जातो तो बहुतेकदा निष्काळजीपणामुळे नव्हे. हॉटेलात त्याला प्रवेश नसतो आणि बाहेर बसायला सावली नसते, म्हणून तो कोंडला जातो. स्वयंपाकघराजवळ प्राणी नकोत ही हॉटेलवाल्याची भूमिका आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. पण अंगणात एक पत्र्याची शेड, दोन बाकडी, पट्टा बांधायला एक कडी आणि पाण्याची एक कुंडी यांना फारसा खर्च येत नाही. महामार्गालगतच्या सुविधा केंद्रांना, पेट्रोल पंपांना आणि मोठ्या ढाब्यांना परवानगी देताना सावलीचे पार्किंग, वापरता येईल असे महिलांचे शौचालय आणि पिण्याचे पाणी या अटी असाव्यात आणि त्या पाळल्या जातात का, हे उन्हाळ्याआधी तपासले जावे. उष्माघात कक्ष रुग्णालयांत उघडले जातात तसे उष्माघात टाळणारे थांबे रस्त्यावर उभे राहिले, तर कक्षांवरचा भार हलका होईल.

कायदाही जुना झाला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्राण्याला यातना होतील अशी वाहतूक करणे आणि मालकाने त्याला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हे गुन्हे मानतो. पहिल्या गुन्ह्याला त्यातला दंड मात्र १० ते ५० रुपये एवढाच आहे. तेवढ्याने कोणाला धाक बसणार नाही. तो बदलेल तेव्हा बदलेल. तोवर बंद गाडीत तडफडणारा प्राणी किंवा मूल दिसले तर आजूबाजूच्यांनी गाडीचा नंबर ध्वनिक्षेपकावर पुकारावा, मालकाला शोधावे, ११२ ला कळवावे. “आपल्याला काय करायचे” म्हणून पुढे जाऊ नये.

याच मुलखात एके काळी प्रवास बैलगाडीने होत असे. तेव्हा थांबा ठरायचा तो बैलांच्या तहानेवरून. जिथे विहीर, जिथे हौद, जिथे झाड, तिथे गाडी सुटायची. आधी बैलांना पाणी, मग माणसांची शिदोरी. अहिल्यादेवी होळकरांनी वाटसरूंसाठी विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांचा रंगमहाल आजही आग्रा रोडवरच्या चांदवडला उभा आहे. मोटारीला तहान लागत नाही, म्हणून थांब्याचा विचार सुटला. गाडीतल्यांची तहान मात्र तीच राहिली.

या आखाजीला निघताना घरातल्या एकाने कागदावर चार ओळी लिहाव्यात: थांबे कोणते, कोणत्या थांब्यावर कोणता डबा उघडायचा, प्राण्याजवळ कोण थांबणार आणि दुसऱ्या पाळीत कोण जेवणार. शक्यतो पहाटे निघून अकराच्या आत बराचसा रस्ता कापावा. प्रवास झेपणार नाही इतका म्हातारा किंवा आजारी प्राणी घरीच, पण भरवशाच्या शेजाऱ्याकडे पाणी-सावलीच्या सोयीने ठेवावा. आणि गाडीचे दार बंद करताना प्रत्येक वेळी एकदा मागे वळून पाहावे. आत बोलता न येणारा, दार उघडता न येणारा कोणी राहिलेला नाही ना, एवढे पाहायला दोन सेकंद पुरतात.